वहिनींची परस्पर संमती

आमच्या वहिनी कवळ्या करतात. असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस एकदम तोंड मिटून घेतो, जणू वहिनी तिथेच उभ्या आहेत आणि त्याचे दात मोजताहेत. 'आमच्या' म्हणायचा हक्क खरं तर आता मला राहिलेला नाही. पण जिभेला चोवीस वर्षांचं वळण पडलंय, ते कोर्टाच्या एका हुकमानं जात नाही.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि मी एकोणीसची. शिक्षण सातवीपर्यंत. तीन-चार वर्षं घरात काढली, मूल झालं नाही, आणि एक दिवस आईला म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये धुण्यापुसण्याला बाई हवी आहे म्हणे, जाऊ का?" आईला वाटलं रक्त तपासायची लॅब. ती दातांची निघाली. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन तिथे पाठवतात आणि तिथून कवळी तयार होऊन जाते. वहिनी आधी भांडी धुवायच्या. मग प्लास्टर कालवायला लागल्या, मग साचा ओतायला, मग मेणात एकेक दात बसवायला. पुढे पुढे अशी वेळ आली की लॅबवाले काका बाहेरच्या टेबलाशी पेपर वाचत बसत आणि डॉक्टर फोनवर विचारत, "बाई आहेत ना आज? मग पाठवतो."

त्यांचं म्हणणं असं की सगळे दात सारखे असलेला माणूस लबाड दिसतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काहीही लिहू दे, त्या पेशंटचा जुना फोटो मागवून घेत. एका आजोबांच्या फोटोत पुढचा एक दात शेजारच्यावर जरा चढलेला होता. वहिनींनी कवळीतही तो तसाच चढवला. डॉक्टर वैतागले. पण आजोबांच्या बायकोनं नवऱ्याला हसायला लावलं, जवळून बघितलं आणि म्हणाली, "आता आमचे वाटतात." रस्त्यात एखादा म्हातारा हसला की वहिनी मला कोपरानं ढोसायच्या.

"आपले आहेत."

"कोण?"

"माणूस नव्हे हो वन्सं, दात!"

मी शाळेत चौथीला शिकवते. मराठी माझा विषय. पेपर वाचताना वहिनी अडल्या की मला विचारायच्या. "वन्सं, अनाकलनीय म्हणजे?" मी सांगायचे, "समजत नाही असं." त्या म्हणायच्या, "मग समजत नाही असंच लिहावं की मेल्यांनी." पण मी सांगितलेला अर्थ त्या पक्का धरून चालायच्या. कधी दुसऱ्याला विचारायला गेल्या नाहीत. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते आहे.

आता दादाचं. दादा पाणीपुरवठा खात्यात. माणूस वाईट नाही. दारू नाही, हात उगारणं नाही, आवाज चढवणं नाही. पाच वर्षांपूर्वी त्याची बदली झाली, बसनं सहा तास लांब. सुरुवातीला दर शनिवारी यायचा. मग महिन्याला. मग कुठला तरी दाखला हवा असला की यायचा. आम्हाला वाटलं तिकडे कुणी असेल. मी एकदा जाऊनही आले. कुणी नव्हतं. एक खोली, एक खाट, खिडकीत चार कुंड्या, आणि शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर बुद्धिबळ. दादा तिथे गुणगुणत चहा करत होता. आमच्या घरात मी त्याला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. कुणी बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

आई-बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मी आणि वहिनी अशा दोघीच राहत होतो. मी लग्न केलं नाही. लोक गमतीनं म्हणायचे, तुमचा संसार खरा नणंद-भावजयीचाच. आम्हीही हसायचो.

एक दिवस दादाचा फोन आला. शाळेच्या मधल्या सुट्टीत.

"मी काय म्हणतो, हे असं लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही. काय ते कागदावर नीट करून टाकू. भांडणतंटा नको. दोघांच्या संमतीनं होतो म्हणे."

"वहिनींशी बोललास?"

"तू बोल ना. तुझं ऐकते ती."

"दादा, हे मी बोलायचं?"

"मग कोण बोलणार? मला नाही जमायचं. तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. लहानपणी काच फुटली की तो मला पुढे करायचा. मी "बघते" म्हटलं. 'बघते' म्हणजे 'करते', हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

मग संध्याकाळी मी बोलायला बसले. वहिनी शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, दादाचा फोन आला होता." त्या म्हणाल्या, "बरा आहे ना?" मी म्हटलं, "बरा आहे." झालं. दुसऱ्या दिवशी मी देवापुढे बसून ताकद मागितली आणि पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांनी मला लॅबमधली गंमत सांगितली, एका डॉक्टरनं वरच्या जबड्याचं माप एकाचं आणि खालच्याचं दुसऱ्याचंच पाठवलं होतं. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या हसण्यावर मी ते वाक्य कुठे टाकणार होते? तिसऱ्या दिवशी मी प्रयत्नच केला नाही.

चौथ्या दिवशी वकीलबाईंचा फोन. दादानं त्यांना माझाच नंबर दिलेला.

"हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करायचाय ना तुमच्या भावाला? एक वर्षाच्या वर वेगळे राहताहेत, ते ठीक. पण यात दोघांची संमती लागते हं. बायकोची आहे ना?"

मी शाळेच्या जिन्यात उभी होते. मुलं वरून धडाधडा उतरत होती.

"आहे," मी म्हटलं.

एवढंच. आयुष्यात मी पुष्कळ बोलले असेन, पण इतक्या छोट्या शब्दानं एवढं मोठं पाप केल्याचं मला आठवत नाही. तेव्हा मी मनाची समजूत घातली की आता मागाहून विचारीनच, म्हणजे ते खोटं राहणार नाही. उधारीवर खरं बोलल्यासारखं.

कागद तयार होऊन आले. अर्ज मराठीतच होता. ते कागद मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. शेवटी एका रविवारी सकाळी वहिनींच्या पुढ्यात ठेवले आणि म्हटलं, "दादानं पाठवलेत. वाचा." आणि पाठ फिरवून ओट्याशी जाऊन पातेलं घासायला लागले. घासलेलंच होतं ते.

वहिनींनी चष्मा लावला. नखांत नेहमीप्रमाणे प्लास्टर. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतात तसं बोट ओळीखाली ठेवून सगळं वाचलं. मी नळ चालू ठेवला.

"वन्सं."

"हं?"

"यात लिहिलंय, परस्पर संमतीने घटस्फोट."

"हो. तसंच लिहितात."

"म्हणजे कायद्यातच आहे असं? परस्पर?"

"आहे. वेगळं कलमच आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "बरं आहे. निदान जे आहे ते खरं लिहिलंय." आणि पेन मागितलं.

त्यांच्या 'खरं लिहिलंय'पाशी माझा हात थांबला. कारण वहिनी 'परस्पर' हा शब्द कसा वापरतात ते मी ऐकलेलं होतं. एकदा मी लॅबमध्ये त्यांना डबा द्यायला गेले, तर त्या काकांवर तडकलेल्या. वहिनींनी शेवटची नजर टाकायच्या आधीच काकांनी कवळी डॉक्टरांच्या माणसाच्या हाती देऊन टाकली होती. "परस्पर कशी दिलीत? मला न विचारता? उद्या त्या बाईच्या हिरडीला टोचली म्हणजे शिव्या कुणाला?" परस्पर म्हणजे न विचारता, पाठीमागे, मधल्यामधे. आपण सगळेच बोलताना असंच म्हणतो. परस्पर ठरवलं, परस्पर विकलं, परस्पर निघून गेला. आणि कागदावरचं परस्पर म्हणजे एकमेकांची, दोघांची. एकच शब्द, अर्थ जवळजवळ उलटे. चौथीच्या मुलांनाही मी हे शिकवते, वाक्यात उपयोग करून दाखवते.

म्हणजे वहिनींना वाटलं, कायद्यात अशीही एक सोय आहे. बाईला न विचारता सासरच्यांनी आपसात संमती ठरवून टाकायची, आणि तिनं फक्त सही करायची. हे माझ्या लक्षात आलं. मागून नव्हे, तेव्हाच, पातेलं हातात असताना. एक वाक्य बोलायचं होतं. "वहिनी, तसं नाही, यात तुमचा होकार लागतो." ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आलाच असता, "मग मला कुणी विचारलं?" म्हणून मी हात पुसले आणि पेन आणून दिलं.

त्यांनी सही केली. त्यांची सही शाळकरी आहे, एकेक अक्षर सुटं, नावाखाली रेघ.

कोर्टात पहिल्या तारखेला फक्त सह्या कुणाच्या ते विचारलं. वहिनी म्हणाल्या, "माझीच आहे." पोटगीचं विचारलं, तर म्हणाल्या, "माझे हात धड आहेत." मग सहा महिने थांबायचं असतं, मन बदलतं का ते बघायला. मधे एकदा समुपदेशक बाईंनी बोलावलं. त्यांनी विचारलं, "एकत्र राहण्याची काही शक्यता वाटते का?" वहिनी म्हणाल्या, "ते यांच्याकडे विचारा, माझ्याकडे कुठे काय आहे?" समुपदेशक बाईंनी ते लिहून घेतलं. काय लिहिलं कोण जाणे.

त्या महिन्यांत वहिनी मला काहीच बोलल्या नाहीत. तसाच डबा, तशीच चेष्टा. फक्त घरात वागताना जरा अंग चोरून वागायला लागल्या. टीव्हीचा आवाज कमी. न्हाणीघरातला त्यांचा साबण खोलीत नेऊन ठेवला. एकदा कपाट लावताना म्हणाल्या, "वरचा कप्पा रिकामा करून ठेवलाय हं, तुम्हाला लागेल." मी म्हटलं, "मला कशाला?" त्या म्हणाल्या, "असू दे." मी रोज सकाळी दहा मिनिटं देवापुढे बसते. डोळे मिटले की एरवी मन शांत होतं. त्या दिवसांत डोळे मिटले की पातेलं दिसायचं. देवाला सगळं माहीत आहे म्हणतात, त्याचा आधार वाटायच्या ऐवजी मला भीती वाटायला लागली. मी नमस्कार उरकून उठायला लागले.

दुसरी तारीख आली. कोर्टाची खोली लहान, बाकं गुळगुळीत झालेली, पंखा आवाज करणारा. न्यायाधीश बाई होत्या, आमच्याच वयाच्या. सर्दीनं बेजार, हातात रुमाल. दादा एका बाजूला, वहिनी एका बाजूला, मधे वकीलबाई. मी मागच्या बाकावर.

न्यायाधीश बाईंनी दादाला विचारलं, "संमती स्वतःच्या मर्जीनं दिलीय? कुणाचा दबाव?" दादा म्हणाला, "मर्जीनं. दबाव नाही."

मग वहिनींना विचारलं. "तुमची संमती आहे?"

वहिनी म्हणाल्या, "परस्पर आहे, मॅडम."

"हो, परस्पर तर असतेच. तुमची आहे का ते विचारतेय."

"परस्पर आहे म्हटल्यावर माझी कशी असेल?"

वकीलबाई घाईनं म्हणाल्या, "मॅडम, त्या जरा गोंधळल्यात..."

"थांबा तुम्ही." न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "बाई, परस्पर म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा बरं."

"म्हणजे मला न विचारता ठरलेली," वहिनी सरळ म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. कवळीचं माप सांगावं तसं. "माझी हरकत नाहीय. कायद्यात तसं कलम आहे हे मला घरी सांगितलंय."

"कुणी सांगितलं?"

वहिनींनी मागे वळूनही बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी उभी राहिले.

"मी सांगितलं. मी नणंद."

"काय शिकलाय तुम्ही?"

"शिक्षिका आहे."

"कुठला विषय?"

"मराठी," मी म्हटलं. मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मला खाली बसायलाही सांगितलं नाही. मी उभीच राहिले.

मग त्या वहिनींकडे वळून सावकाश बोलल्या. "बाई, ऐका. इथलं परस्पर म्हणजे एकमेकांच्या संमतीनं. त्यांची आणि तुमची. तुम्ही नाही म्हणालात तर हा अर्ज इथेच निकाली निघतो. तुमच्याशिवाय हे होतच नाही."

"माझ्याशिवाय होत नाही?"

"नाही."

"म्हणजे इतके दिवस ते माझ्या हातात होतं?"

"तुमच्याही हातात होतं."

वहिनींनी पदर सारखा केला. त्यांच्या मानेवर लाली चढलेली मला मागून दिसत होती. त्यांना स्वतःच्या अडाणीपणाची लाज वाटत होती. लाज वाटायची होती मला, आणि ती त्यांनी उचलली होती.

न्यायाधीश बाईंनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. "विचार करा. होही म्हणता येईल, नाहीही म्हणता येईल. पण तुमचं तुम्ही."

बाहेर व्हरांड्यात दादा माझ्यावर घसरला. "एक काम सांगितलं होतं तुला. एक! भर कोर्टात शोभा केलीस."

"तुझं काम होतं ते," मी म्हटलं. पण आवाजात जोर नव्हता. काम त्याचं होतं, ते घेतलं मीच होतं. वहिनी आमच्याकडे न बघता जिना उतरून गेल्या. अर्ध्या दिवसाचीच रजा होती त्यांची.

संध्याकाळी त्या आल्या, हातपाय धुतले, माझ्यासमोर बसल्या.

"एक विचारू वन्सं? सही केली त्या दिवशी मी परस्पर म्हणाले, तेव्हा तुम्हाला कळलं होतं, मला काय वाटतंय ते?"

नाही म्हणायला जागा होती. त्यांनी विश्वास ठेवला असता. माझ्या शब्दावर त्यांनी कधी संशय घेतलेला नव्हता.

"हो," मी म्हटलं.

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

"आणि नळ चालू ठेवलात."

"हो."

त्या बराच वेळ आपल्या नखांतलं प्लास्टर काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी रोज कामावरून येताना जिन्यात म्हणायचे, जपून वाग बाई, आता तू उपरी आहेस, कधी जा म्हणतील सांगता येत नाही. साबण उचलला मी. माझाच साबण! आणि तुम्ही बघत होतात."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नका. तुम्ही रडलात की मला उठून पाणी आणावं लागेल, आणि मला आज आणायचं नाहीय."

मी रडणं थांबवलं. इतकं तरी करणं भाग होतं.

"त्यांना सांगा, या म्हणावं," त्या म्हणाल्या. "फोन नको, चिठ्ठी नको, वकील नको. आणि तुम्ही मधे बोलायचं नाही. पण बसायचं. ऐकायचं."

पुढच्या रविवारी दादा आला. बॅग मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसला. वहिनींनी चहा दिला. चहा संपला तरी तो कपात बघत होता.

"बोला," वहिनी म्हणाल्या.

"तुला माहितेय ते."

"मला काही माहीत नाही. मला कुणी सांगितलं नाही."

"म्हणजे... चालेल का तुला?"

"काय चालेल?"

"तेच. कोर्टातलं."

"पूर्ण वाक्य बोला हो. एवढी तोंडं बघितलीत मी, अर्धं उघडून माप निघत नाही."

मला त्या स्थितीतही हसू आलं आणि त्याचीही लाज वाटली. दादानं बॅग खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले होते.

"आपण वेगळं व्हायचं का?" तो म्हणाला. "कायमचं. तुझी इच्छा असली तर."

"का?"

या 'का'ला त्याच्याकडे उत्तर असेल असं मला वाटलं नव्हतं. पण तो म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही. इथं आलो की मी पाहुण्यासारखा बसतो. तिकडे खोलीचं दार उघडलं की घरी आल्यासारखं वाटतं. काही कारण नाही. आधीच बोलायला हवं होतं."

वहिनींनी मान हलवली. "मलाही तसंच होतं. तुम्ही येणार म्हटलं की मी चांगले कप काढते. नवऱ्यासाठी कुणी चांगले कप काढतं का?" मग म्हणाल्या, "हो. होऊ या वेगळे. माझा हो आहे. चार वर्षांपूर्वी विचारलं असतंत तरी हाच असता."

दादा चष्मा पुसत बसला. वहिनींनी कप उचलले. मी जागची हलले नाही. एका वाक्याचं काम होतं, त्याला घरातल्या दोन शिकलेल्या माणसांनी चार वर्षं लावली होती. आणि ज्या उत्तराच्या भीतीनं मी ते पाप केलं, ते उत्तर 'हो' होतं. म्हणजे माझं पाप फुकट गेलं असंही म्हणता येत नाही. उत्तर काहीही असतं तरी ते त्यांचं होतं, आणि मी ते त्यांच्या तोंडातून काढून घेतलं होतं.

तिसऱ्या तारखेला न्यायाधीश बाईंनी विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "माझी आहे, मॅडम. विचारून झालंय." पाच मिनिटांत काम संपलं.

आता माझं राहिलं होतं. घर आई-बाबांचं, म्हणजे दादाचं नि माझं. दादा परत यायचा नव्हता. वहिनींनी इथेच राहावं असं मला मनापासून वाटत होतं. 'राहतीलच की, कुठे जाणार' असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. मग माझं मलाच लक्षात आलं की मी पुन्हा तेच करते आहे. त्या दिवशी मी शाळेतून आले, चपला काढल्या आणि दारातच उभी राहून विचारलं.

"वहिनी, तुम्ही माझ्याबरोबर इथेच राहाल का? मला तसं हवं आहे. पण तुम्हाला काय हवंय ते सांगा."

त्या पेपर वाचत होत्या. पेपर खाली ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

मी थांबले. पुढे काहीतरी येईल असं वाटलं, राग आहे असं नाही, किंवा येत-जात राहीन, किंवा वाईट वाटून घेऊ नका. काही आलं नाही. त्यांनी सांगितलं एवढंच की लॅबच्या वरची खोली काका द्यायला तयार आहेत, खिडकी पूर्वेला आहे, आणि मंगळवारी जाणार.

मला वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणं माझ्या मापाचं होतं, कुठे टोचत असलं तरी बसत होतं.

मंगळवारी मी रजा घेतली. त्यांचं सामान थोडंच होतं. दोन पिशव्या त्यांनी आधीच खाली नेऊन ठेवल्या. लोखंडी पेटी राहिली. तिच्यात त्यांची हत्यारं होती, चिमटे, कोरण्या, मेण गरम करायचा छोटा दिवा, जुन्या फोटोंचं पाकीट. एकटीला उचलत नव्हती. त्यांनी एकदा उचलून बघितली आणि खाली ठेवली. मी पुढे झाले आणि तशीच थांबले.

"एक बाजू धरू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कोर्टानंतर पहिल्यांदाच नीट बघितलं असेल.

"धरा," त्या म्हणाल्या. "पण पुढे तुम्ही व्हा. जिन्यात सगळं वजन खालच्यावर येतं."

मी पुढे झाले. तीन मजले होते. दुसऱ्या मजल्यावर माझा हात भरून आला, पण मी थांबा म्हटलं नाही.